प्राथमिक व उच्च प्राथमिक वर्गांची संयुक्त शाळा

इयत्ता पहिलीपासून सातवी किंवा आठवीपर्यंतचे सर्व वर्ग एकाच मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली चालविणारी शाळा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिला ‘पूर्ण प्राथमिक शाळा’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. याउलट, चौथी किंवा पाचवीपर्यंतचेच वर्ग असलेल्या शाळेतील विद्यार्थ्यास दाखला घेऊन पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या शाळेत जावे लागते. खालच्या व वरच्या वर्गांची सांगड घालावी की त्यांच्या शाळा निराळ्या असाव्यात, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यवस्थापनाचा वाटतो. परंतु मूल कोणत्या इयत्तेत शाळा सोडते, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात शालेय शिक्षणाच्या दोन वाटा होत्या. मराठी शाळेतील विद्यार्थी सातव्या इयत्तेअखेर व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देई. ती उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षक, तलाठी यांसारख्या नोकऱ्या मिळू शकत. त्यामुळे खेड्यापाड्यांतून ‘फायनल पास’ माणसाला मोठी प्रतिष्ठा होती. दुसरी वाट इंग्रजी शाळेची. मराठी चौथी झाल्यावर विद्यार्थी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेई आणि इंग्रजी सातवीअखेर मॅट्रिकच्या परीक्षेस बसे. अशा रीतीने शिक्षणाची पाचवी ते सातवी ही तीन वर्षे एका व्यवस्थेत प्राथमिक शिक्षणाचा शेवट, तर दुसरीत माध्यमिक शिक्षणाचा प्रारंभ ठरली. मध्य प्रांत व वऱ्हाडात या दोहोंहून भिन्न अशी, मिडल स्कूलचा स्वतंत्र टप्पा असलेली पद्धती होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याकडे ही सर्व व्यवस्था वारशाने आली.

सलग शिक्षणाची कल्पना राष्ट्रीय पातळीवर १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत पुढे आली. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा या वयोगटासाठी सात वर्षांचे अखंड मूलोद्योगी शिक्षण सुचविले. त्यानंतर मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समित्यांनी आणि १९४४ च्या सार्जंट अहवालाने हा काळ आठ वर्षांचा करून त्याचे पाच व तीन वर्षांचे दोन टप्पे पाडले. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) प्राथमिक शिक्षण सात ते आठ वर्षांचे मानून त्याचे निम्न व उच्च असे दोन उपविभाग केले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच अधिक तीन वर्षांच्या रचनेचा पुरस्कार केला. या सर्वांनी टप्पे सांगितले. तथापि दोन्ही टप्पे एकाच इमारतीत असावेत की वेगवेगळ्या, हे बहुतांशी स्थानिक परिस्थितीवर सोपविलेले राहिले.

महाराष्ट्रातील द्विविध रचना : १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. मोठ्या गावांत सात इयत्तांच्या, तर लहान गावांत व वाड्यावस्त्यांवर चार इयत्तांच्या शाळा चालू राहिल्या. दुसरीकडे, खाजगी शिक्षणसंस्थांच्या माध्यमिक विद्यालयांतून वर्ग बहुधा पाचवीपासूनच सुरू होत. पाचवी ते सातवी या इयत्तांवर त्यामुळे दोन्ही व्यवस्थांचा दावा राहिला. चौथीनंतरची ही सांधेजोड अन्य योजनांतही उमटलेली दिसते. शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीत घेतली जात असे. २०१६–१७ पासून ती पाचवी व आठवीत घेण्यात येऊ लागली. ग्रामीण मुलींसाठीची राज्य परिवहनाची मोफत प्रवासाची सवलतही मुळात पाचवी ते दहावीच्या विद्यार्थिनींना होती. मुलीचा घरापासून दूरचा प्रवास पाचवीपासून सुरू होतो, हे त्यात गृहीत धरलेले होते.

संयुक्त शाळेचे लाभ : पहिला लाभ सातत्याचा. विद्यार्थ्याची घरची परिस्थिती, त्याची गती व उणिवा शिक्षकांना ठाऊक असतात. शाळा बदलताना ही माहिती दाखल्याबरोबर जात नाही. दुसरा लाभ शाळा गावातच असण्याचा. शाळा सोडण्यासाठी पालकाला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. पुढील प्रवेश न घेणे एवढेही पुरेसे ठरते. चौथीची शाळा संपते तेथे असा निर्णय आपोआप घेतला जाण्याचा संभव असतो. हा धोका मुलींच्या, तसेच डोंगराळ भागातील व ऊसतोडीसारख्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत विशेष असतो. लहान भावंडे त्याच शाळेत असल्याने मोठ्या मुलांची उपस्थितीही टिकण्यास साहाय्य होते.

मर्यादा : सहावीनंतर गणित, विज्ञान व भाषा यांसाठी त्या त्या विषयाचा जाणकार शिक्षक लागतो. पट कमी असल्यास असा शिक्षक मिळत नाही आणि एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवावे लागते. प्रयोगसाहित्य, ग्रंथालय व क्रीडांगण यांच्या सोयी माध्यमिक विद्यालयात तुलनेने बऱ्या असतात. सहा वर्षांची मुले व वयात येणारी मुले यांच्या गरजा भिन्न असल्याने शिस्त, खेळ व स्वच्छतागृहे यांची निराळी व्यवस्था करावी लागते. शिवाय सातवी-आठवीपर्यंत एकाच लहान समूहात वाढलेल्या मुलास पुढे मोठ्या विद्यालयात बिचकल्यासारखे होते, असाही आक्षेप घेतला जातो.

अमेरिकेतील अनुभव : हाच प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उलट क्रमाने उद्‌भवला. तेथे आठ इयत्तांची प्राथमिक शाळा रूढ होती. १९०९–१० च्या सुमारास कोलंबस व बर्कली या शहरांत कनिष्ठ माध्यमिक शाळा निघाल्या आणि १९६० नंतर ‘मिडल स्कूल’ ची रचना सर्वत्र पसरली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया इ. शहरांनी आठवीपर्यंतच्या संयुक्त शाळा पुन्हा सुरू केल्या. न्यूयॉर्क शहरातील विद्यार्थ्यांविषयी रॉकॉफ व लॉकवुड यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मिडल स्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांची गणित व इंग्रजीतील प्रगती संयुक्त शाळेतील मुलांच्या तुलनेने घसरल्याचे आढळून आले. तेथील शाळांचा आकार व साधने भिन्न असल्याने हे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि शाळा बदलण्यालाच काही किंमत मोजावी लागते, एवढे त्यांवरून दिसते.

शिक्षण हक्क कायद्यानंतर : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने पहिली ते आठवी हे एकच प्रारंभिक शिक्षण मानले. पहिली ते पाचवीसाठी साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, तर सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक, असे प्रमाण ठरविण्यात आले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले. त्यानुसार चौथीच्या शाळांना पाचवीचा आणि सातवीच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडण्याचे धोरण आले. यामुळे माध्यमिक विद्यालयांचा पट घटून शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती निर्माण झाली आणि वर्गजोडणीवरून दोन व्यवस्थांमध्ये ओढाताण सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरी ते पाचवी व सहावी ते आठवी असे टप्पे पाडले असून लहान शाळांचे गट करून साधने व शिक्षक सामायिक वापरण्याचे सुचविले आहे. त्यासंबंधीची मूळ कल्पना कोठारी आयोगाची होय.

मूल्यमापन : संयुक्त शाळा मुलाला शिक्षणात टिकवून धरते, तर वेगळी शाळा त्याला विषयांचे अधिक सखोल शिक्षण देऊ शकते. यांपैकी पहिला लाभ शाळेच्या रचनेतूनच मिळतो. दुसरा मात्र पुरेसा पट, शिक्षक व साधने असतील तेथेच मिळतो. म्हणून ज्या गावी पुढील शाळा दूर आहे, तेथे वर्ग जोडणे आणि विषयशिक्षकांची उणीव शेजारच्या शाळांच्या सहकार्याने भरून काढणे श्रेयस्कर ठरते. मात्र शिक्षक न देता केवळ वर्ग जोडल्यास मुलाचे नाव हजेरीपटावर राहते, पण त्याचे शिक्षण चौथीच्या पातळीवरच थांबण्याचा धोका उरतो.