आईवांचून वाढलेलीं दोन मुलें

ज्युबिलीचा अंक निघाला म्हणजे त्यांत धर्मगुरूंचीं नांवें येतात, देणगीदारांचीं येतात, मंदिराचा पाया केव्हां घातला ती तारीख येते. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्यांनीं लेंकरांना प्रथम हात जोडावयास शिकविलें, त्या मातांचीं नांवें अशा यादींत क्वचितच आढळतात. त्यांची थोरवी सांगण्यासाठीं आम्हांस दूर जावयास नको. आमच्या शहराच्या इतिहासांतच दोन उदाहरणें आहेत. एक दगडांत उभें आहे आणि दुसरें शहराच्या नांवाशीं जडलेलें आहे.

बीबी का मकबरा कोणीं पाहिला नाहीं? ही कबर औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिची. ११ सप्टेंबर १६५७ रोजीं याच शहरीं तिला अकबर नांवाचा पुत्र झाला, आणि पुरता महिना लोटला नाहीं तों ८ ऑक्टोबरला ती निवर्तली. तिचा वडील मुलगा आझमशहा यानें मातृप्रेमानें ही इमारत उठविली, असें सर्वत्र सांगतात. पण आई गेली तेव्हां आझम अवघा चार वर्षांचा होता, आणि मकबरा १६६१ च्या सुमारास उभा राहिला. तेव्हां हुकूम पित्याचाच असला पाहिजे. तरीहि लोकांनीं तें श्रेय पुत्रास दिलें, ही गोष्ट मननीय आहे. आईचें ऋण मुलानेंच फेडावें, असें लोकांच्या मनास वाटतें.

त्याच १६५७ सालीं, १४ मे रोजीं, पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजे जन्मले. २०२३ सालीं शहरास जें नांव मिळालें तें त्यांचेंच. मातोश्री सईबाईंची प्रकृति खालावलेली; म्हणून बाळास दूध पाजण्यास कापूरहोळची धाराऊ आली. सप्टेंबर १६५९ मध्यें सईबाई राजगडावर वारल्या, तेव्हां राजे जेमतेम सवादोन वर्षांचे होते. पुढें त्यांस आजीनें वाढविलें. ती आजी म्हणजे सिंदखेडच्या जाधवांची लेक आणि येथून जवळच असलेल्या वेरूळच्या भोसल्यांची सून, जिजाबाई. १६६६ सालीं नऊ वर्षांचा नातू पित्याबरोबर आग्र्यास गेला आणि तेथें दोघेहि अडकले, तेव्हां मागें राज्याचा भार तिनेंच संभाळला. राज्याभिषेकाचा सोहळा पाहून अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, पाचाड येथें तिनें डोळे मिटले.

आतां दैवगति पहा. १६८१ मध्यें बापाविरुद्ध बंड करून फसलेला शहाजादा अकबर आश्रय मागत आला तो संभाजीराजांकडेच! दोघेहि एकाच वर्षीं जन्मलेले, दोघेहि बाळपणींच आईस अंतरलेले. राजांनीं त्यास आसरा दिला. त्यांत राजकारणाचा हिशेब होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शत्रूचा मुलगा हातीं आला असतां त्यांनीं त्यास बापाच्या स्वाधीन केलें नाहीं, हेंहि खरें. पुढें अकबर इराणास गेला. त्याची वडील बहीण झेबुन्निसा आई गेली तेव्हां एकोणीस वर्षांची होती. अकबराशीं पत्रव्यवहार ठेवल्याबद्दल बापानें तिला दिल्लीच्या सलीमगडांत कैदेंत टाकिलें, आणि १७०२ सालीं तिचा अंत झाला तो त्या कैदेंतच. आईमागें राहिलेल्या धाकट्या भावाची माया तिला इतकी महाग पडली.

यावरून आम्हांस एकच गोष्ट दिसते. आई निघून गेली तरी आईचें काम थांबत नाहीं. तें कोणीतरी स्त्री न बोलतां उचलते. कोठें आजी, कोठें दाई, कोठें थोरली बहीण. मकबरा एकीसच लाभला. धाराऊच्या दुधाचें स्मारक म्हणजे तिनें जगविलेलें लेंकरूं. संत मोनिका इ.स. ३८७ मध्यें ऑस्तिया बंदरीं मरण पावली. तिचा पुत्र संत ऑगस्तीन यानें तिच्यासाठीं घुमट उभारला नाहीं. आपली आत्मकथा लिहितांना तिच्या अश्रूंची व प्रार्थनांची आठवण मात्र त्यानें जतन करून ठेविली. तो ग्रंथ सोळा शतकें वाचला जात आहे.

आमच्या धर्मग्रामांतहि अशा धाराऊ आहेत. कोणी पोरक्या पुतण्यास पदराखालीं घेतलें, कोणी शेजारणीच्या तान्ह्यास संभाळलें, कोणी नातवंडांस मांडीवर घेऊन रोजच्या प्रार्थना पाठ करविल्या. त्यांचीं नांवें कोणत्याहि वहींत नाहींत, आणि तीं ज्यांस ठाऊक आहेत तीं माणसें एकेक करून चाललीं आहेत. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपणांस वाढविणाऱ्या स्त्रियांचीं नांवें लिहून काढावीं, मुलांस तीं सांगावीं, आणि मृतांसाठीं प्रार्थना करतांना तीं मोठ्यानें उच्चारावीं. संगमरवरी घुमट बादशहासच परवडतो; हें स्मारक गरिबांतल्या गरिबासहि उभारतां येईल.