झावी हर्नांडेझ
झावी हर्नांडेझ : (२५ जानेवारी १९८० – ). स्पेनचे ख्यातनाम फुटबॉलपटू व मध्यरक्षक, म्हणजे बचावफळी आणि आघाडीफळी यांना जोडणारे खेळाडू. जन्म कॅटालोनियातील तेरासा येथे. बालवयातच बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या प्रशिक्षणकेंद्रात दाखल झालेले झावी १९९८ मध्ये मुख्य संघात आले आणि २०१५ पर्यंत ७६७ अधिकृत सामने खेळून त्यांनी ८ स्पॅनिश लीग व ४ चॅम्पियन्स लीग विजेतेपदांत वाटा उचलला. त्यांची भिस्त ताकदीवर वा वेगावर नव्हती; चेंडू पायाशी येण्यापूर्वीच सतत मान वळवून मोकळी जागा हेरणे आणि आखूड, अचूक पास देणे हे त्यांचे खरे सामर्थ्य होते, आणि म्हणूनच चेंडू दीर्घकाळ आपल्याकडे राखून प्रतिस्पर्ध्याला दमवणाऱ्या ‘टिकी-टाका’ शैलीचे ते सूत्रधार ठरले. गोलांच्या संख्येवरून त्यांची थोरवी मोजणे अन्यायाचे होईल. २००८ च्या युरो स्पर्धेत ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, २०१० मध्ये विश्वविजेत्या संघात होते, तर २०१२ च्या युरो अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध त्यांच्या पासवर दोन गोल झाले. कतारच्या अल साद क्लबकडून खेळून २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी बार्सिलोनाला २०२२-२३ चे लीग विजेतेपद मिळवून दिले.