यादी हरवते, मजकूर राहतो
(प्रस्तावना)

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातलं वालूर हे जुन्या बारवांचं गाव. तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव ग्रामस्थांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली आणि तेव्हापासून अभ्यासक, हौशी, छायाचित्रकार तिची वाट धरू लागले. अशा कामातून जमणारा ऐवज, म्हणजे फोटो, मोजमापं, आराखडे, जुन्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, आज जातो कुठे? बहुधा एखाद्या हार्ड डिस्कच्या एका पार्टिशनमध्ये. मग कधी लिहिता लिहिता वीज जाते, कधी केबल निसटते, कधी कुणी घाईत भलत्याच डिस्कवर लिनक्स चढवतं. संगणक सुरू केला की ओळ येते : ‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’. ती वाचून माणूस हाय खातो. हे पुस्तक त्या ओळीपासून सुरू होतं.

आधी ती ओळ म्हणते काय, ते बघू. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट४ रचनेत पार्टिशनचे पहिले १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक लागतो. एकूण ब्लॉक किती, प्रत्येकाचा आकार केवढा, मोकळे किती, ही माहिती त्यात असते. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८० बाइट ओलांडले की ५३ आणि ईएफ असे दोन बाइट दिसायला हवेत. ते तिथे नाहीत, एवढीच तक्रार त्या ओळीत आहे. तुमच्या फोटोंबद्दल तिनं चकार शब्द काढलेला नाही. गावनकाशा फाटला म्हणून शिवारातलं पीक करपत नाही.

शिवाय हा नकाशा एकच नसतो. ब्लॉक ४०९६ बाइटचे असतील तर सुपरब्लॉकची पहिली जादा प्रत ३२७६८व्या ब्लॉकवर असते, पुढची ९८३०४व्या, त्यापुढची १६३८४०व्या. नेहमीच्या मांडणीत पहिला गट आणि ३, ५, ७ यांचे घात असलेले गट, एवढ्या ठिकाणीच प्रती ठेवतात. कारण प्रत्येक गटात ठेवल्या तर जागा फुकट जाते. तपासणीच्या ‘ई२एफएससीके’ला ‘बी’ हा पर्याय देऊन त्यातली एखादी प्रत दाखवली की पुष्कळदा पार्टिशन जिवंत होतं. प्रतींच्या जागा ठाऊक नसतील तर ‘एमकेई२एफएस’ ही आज्ञा ‘एन’ पर्यायासह द्यावी, ती काहीही न लिहिता जागांची यादी छापते. तो ‘एन’ विसरला तर मात्र तीच आज्ञा पार्टिशन नव्यानं फॉरमॅट करून मोकळी होते.

हरवलेला मजकूर परत मिळवण्याच्या या विद्येला लोक दुरुस्ती समजतात. मला ती पाठचिकित्सेची धाकटी बहीण वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. तिथेही पहिलं काम पोथ्या जमवून ताडून बघण्याचं होतं. मूळ पोथीवर पेन चालवायचं नाही, हा तिथला नियम इथेही तसाच लागू होतो. बिघडलेल्या डिस्कवर काहीही करण्याआधी तिची बिट-बाय-बिट प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. अंतोनियो दियाझ यांचं ‘डीडीरेस्क्यू’ त्यासाठी उत्तम. ते आधी चांगला भाग उचलतं, मग अडलेल्या जागांशी झगडतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच लोडशेडिंग झालं तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

इथे एक खाच आहे. पार्टिशन ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडलं म्हणजे त्यावर काही लिहिलं जात नाही, असं सगळे धरून चालतात. एक्स्ट४ मात्र तशाही जोडणीत आपली जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद, पुन्हा चालवतं, म्हणजे लिहितं. ते थांबवायचं तर ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो.

मजकूर नेहमीच वाचतो असं नाही. पार्टिशनची यादी उडाली तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं ‘टेस्टडिस्क’ ती पुष्कळदा शोधून देतं. पण एक्स्ट४वर फाइल पुसली की आयनोडमधले, म्हणजे तिच्या नोंदीतले, तिच्या ब्लॉकांचे पत्तेही पुसले जातात. मग उरतं ‘फोटोरेक’. ते एफएफ डी८ एफएफ अशी जेपीईजीची सुरुवात ओळखून फोटो वेचतं, नावं आणि फोल्डर मात्र गेलेच. आणि एसएसडीवर पुसलेल्या जागा रिकाम्या करणारं ट्रिम चाललेलं असेल तर आशा सोडलेली बरी.

मराठी वाचकासाठी या शाखेत एक वेगळं दालन आहे, आणि परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीनं लिहिलेलं देवनागरी अक्षर तीन बाइट घेतं आणि त्यांची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशी होते. ‘वालूर’ हा शब्द म्हणजे पंधरा बाइट : ‘व’ हा ई० ए४ बी५, त्यापुढे काना, ‘ल’, दीर्घ ऊकार, ‘र’. साध्या मजकुराची फाइल असेल तर कच्च्या डिस्कवर हे पंधरा बाइट शोधून हरवलेलं टिपण हाती लागू शकतं. ओडीटी किंवा डॉकएक्स असेल तर नाही, कारण त्या आतून झिप केलेल्या असतात.

याहून गोंधळाची गोष्ट जुन्या फाइलींची. नव्वदच्या दशकात आणि पुढेही मराठी टंकलेखन पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम आणि मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर झालं. त्या फाइली परत मिळवल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून तो पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल शाबूत असते, लिनक्सवर तो फॉन्ट नसतो इतकंच. गावोगावच्या स्मरणिका, देवस्थानांची टिपणं, जुनी गावनोंद अशी फुकट गेली असेल, याचा मला जास्त राग येतो, डिस्क बिघडण्याचा तेवढा येत नाही.

हे पुस्तक वाचायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो एक जुना पेनड्राइव्ह. तो एक्स्ट४मध्ये फॉरमॅट करून त्यावर चार फोटो आणि एक मराठी टिपण ठेवा, त्याची पूर्ण प्रत घ्या, मग त्या प्रतीतला सुपरब्लॉक मुद्दाम बिघडवून पहिल्या प्रकरणाची सुरुवात करा.