मारिया कासारेस : हरवलेल्या देशाची अभिनेत्री

#थ्रेड #इतिहास

१/ जुलै १९३६. स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध लष्कराने उठाव केला, तेव्हा पंतप्रधानपदी होते सांतियागो कासारेस किरोगा. कामगारांच्या हाती शस्त्रे देण्यास त्यांनी नकार दिला आणि दोनच दिवसांत राजीनामा दिला. त्या निर्णयाचा ठपका त्यांच्या नावावर कायमचा बसला. ही कथा त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीची, मारियाची.

२/ मारियाचा जन्म २१ नोव्हेंबर १९२२ रोजी, गॅलिसिया प्रांतातील ला कोरुन्या या बंदराच्या शहरात झाला. यादवी पेटल्यावर माद्रिदमधील रुग्णालयात तिने जखमींची शुश्रूषा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आईसह तिने पॅरिस गाठले. आता वडिलांचे नाव मायदेशी शत्रूचे नाव झाले होते.

३/ १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. वडील लंडनला निघून गेले. मायलेकी मागे राहिल्या. मारियाला अभिनेत्री व्हायचे होते. मात्र फ्रेंच रंगभूमीवर उच्चारशुद्धतेला धर्माचे स्थान होते आणि तिच्या फ्रेंचमधून स्पॅनिश डोकावत असे. अपयश पचवून अखेर तिने तेथील नामांकित नाट्यविद्यालयात प्रवेश मिळवला.

४/ १९४२ मध्ये मातुराँ नाट्यगृहात आयरिश नाटककार सिंज यांच्या ‘डेयड्रा’ या शोकनाट्यात तिने नायिका साकारली. सहा वर्षांपूर्वी ज्या भाषेत तिला धड बोलताही येत नव्हते, त्याच भाषेत ती आता प्रेक्षागृह स्तब्ध करत होती.

५/ मग चित्रपट आले. १९४५ हे एकच वर्ष पाहा. मार्सेल कार्ने यांच्या ‘लेझाँफाँ द्यु पारादी’मध्ये ती नाताली झाली : ज्याच्यावर जीव जडला त्याचे मन दुसरीकडे आहे, हे जाणणारी. रोबेर ब्रेसाँ यांच्या ‘ले दाम द्यु ब्वा द बुलोन्य’मध्ये तीच झाली एलेन : प्रियकराचा थंडपणे, योजनापूर्वक सूड घेणारी.

६/ १९५० च्या जाँ कोक्तो यांच्या ‘ऑर्फे’ने तिचा चेहरा अमर केला. येथे ती साक्षात मृत्यू आहे. पण या मृत्यूच्या हाती विळा नाही. काळ्या वेषातील ही राजकन्या आरशातून ये-जा करते, एका मर्त्य कवीच्या प्रेमात पडते आणि शेवटी त्याला सोडून देते. दोन जगांच्या सीमेवर उभी असलेली, कुठल्याच जगाची पूर्ण नसलेली स्त्री. निर्वासित अभिनेत्रीला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नव्हते.

७/ दरम्यान १९४४ साली आल्बेर काम्यू तिच्या आयुष्यात आले होते. काम्यूंच्या आईचे घराणेही मूळचे स्पॅनिश. त्यांच्या ‘गैरसमज’ या नाटकात त्याच वर्षी तिने मार्ता साकारली. पुढे ‘वेढा’ आणि ‘न्यायी’ या नाटकांतही प्रमुख स्त्रीभूमिका तिच्याच होत्या. ‘वेढा’चे कथानक घडते स्पेनमधील कादिस शहरात. हुकूमशाहीचे रूपक रचताना काम्यूंनी मुद्दाम फ्रँकोच्या देशाची भूमी निवडली होती.

८/ काम्यू विवाहित होते. ताटातूट झाली, पुन्हा भेट झाली, नाते टिकले. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात काम्यूंचा मृत्यू झाला. अवघ्या काही दिवसांपूर्वी त्यांनी मारियाला पत्र लिहिले होते. दोघांची एकूण ८६५ पत्रे २०१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

९/ पडद्यावर कीर्ती मिळूनही तिचे खरे घर रंगभूमी हेच राहिले. १९५२ मध्ये ती कॉमेदी-फ्राँसेझमध्ये दाखल झाली. १९५४ मध्ये जाँ विलार यांच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहात गेली. आविन्यों येथे उघड्या आकाशाखाली तिने साकारलेली लेडी मॅकबेथ फ्रेंच नाट्येतिहासात नोंदली गेली.

१०/ या साऱ्या काळात स्पेनची वाट बंद होती. आईवडील दोघेही परक्या मातीत निवर्तले. नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाला आणि १९७६ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी, मारिया माद्रिदच्या रंगमंचावर उभी राहिली. नाटक होते ‘एल आदेफेसिओ’. ते लिहिणारे कवी राफाएल आल्बेर्ती तेव्हाही निर्वासितच होते.

११/ पण ती तेथे राहिली नाही. ज्या स्पेनमधून ती निघाली होती, तो स्पेन आता नकाशावर नव्हता. १९८० मध्ये तिने आत्मकथन लिहिले, तेही फ्रेंचमध्ये. नाव : ‘विशेषाधिकारप्राप्त रहिवासी’. दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या परदेशी व्यक्तीला फ्रेंच सरकार जो परवाना देई, त्यावरचे हे शब्द. ज्या शब्दांनी तिचे परकेपण सरकारदप्तरी नोंदवले, तेच तिने स्वतःची ओळख म्हणून मुखपृष्ठावर मिरवले.

१२/ २२ नोव्हेंबर १९९६ रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पश्चिम फ्रान्समधील आलू गावच्या घरी तिचे निधन झाले. आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण म्हणून हे घर तिने गावाला दिले. आज तेथे नाट्यकलावंत राहतात, तालमी करतात आणि उन्हाळ्यात प्रयोग रंगतात.