चार महिन्यांचे भांडण

१८७६ सालच्या नोव्हेंबरच्या ७ तारखेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक वर्तमानपत्रांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युअल टिल्डन निवडून आले असे छापले. न्यूयॉर्क टाइम्सने तेवढे म्हटले की निकाल संशयित आहे. आणि त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाच्या मुख्य कचेरीने जाहीर करून टाकले की आमचे रदरफोर्ड हेज यांना १८५ मते मिळाली, ते निवडून आले. म्हणजे एका देशाला एका रात्रीत दोन अध्यक्ष मिळाले! वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर ताज्या तारांचे फलक लागत, तेथे गर्दी जमे. ज्याला आपण जन्मात पाहिले नाही, ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, अशा माणसाची गचांडी धरायला लोक तयार झाले. हे भांडण पुढे जवळजवळ चार महिने चालले. त्याचीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. कारण त्या भांडणात काय झाले यापेक्षा ते चालू असता बाजूला काय होऊन गेले, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेतल्या या निवडणुकीची रीत आधी समजून घेतली पाहिजे. तेथे मतदार मत देतो ते वास्तविक आपल्या संस्थानाच्या ‘निर्वाचकां’ना. ज्या पक्षाचे निर्वाचक त्या संस्थानात येतील त्यांची मते मग अध्यक्षासाठी मोजली जातात. आपल्याकडे राष्ट्रपतीची निवड खासदार-आमदार करतात, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाचा तिच्याशी फारसा संबंध येत नाही. एक १९६९ सालची निवडणूक तेवढी वेगळी. रेल्वे कामगारांचे जुने पुढारी वराहगिरी वेंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यामधली ती झुंज दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निकालात निघाली, आणि मत कोणालाच नव्हते तरी गिरण्यांच्या फाटकांवर आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून माणसे तावातावाने भांडली, असे जुने कामगार अजून सांगतात. अमेरिकेत १८७६ साली एकूण निर्वाचक ३६९ होते. जिंकायला १८५ हवे होते. टिल्डनकडे निर्विवाद १८४ होते, हेजकडे १६५. राहिलेली २० मते फ्लॉरिडा, लुइझियाना, दक्षिण कॅरोलिना या तीन दक्षिणी संस्थानांची, आणि एक ऑरेगनचे. टिल्डनला एक मत हवे होते आणि हेजला वीसच्या वीस. देशभरच्या साध्या मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते.

भांडण इतके का पेटावे? एक तर मतदान गुप्त नव्हते. सरकारी मतपत्रिका ही चीजच तेव्हा नव्हती. प्रत्येक पक्ष आपापली चिठ्ठी छापी, ती वेगळ्या रंगाची वा आकाराची असे, आणि मतदार ती हातात घेऊन पेटीपर्यंत जाई. तुमचे मत कोणाला, हे शेजाऱ्याला, सावकाराला आणि कारखान्याच्या मुकादमाला दिसत असे. मत लपवता येत नाही तेथे मत म्हणजे अंगावरचा सदराच होऊन बसतो. दुसरे कारण असे की यादवी युद्ध संपून अवघी अकरा वर्षे झाली होती. गुलामी मोडणाऱ्या लिंकनचा पक्ष तो रिपब्लिकन. दक्षिणेतल्या जुन्या मळेवाल्यांचा आधार तो डेमोक्रॅटिक पक्ष. (आजची या पक्षांची ओळख मनात धरून हा इतिहास वाचू नये, घोटाळा होईल.) भाऊ, बाप, मुलगा युद्धात गमावलेले घर गावोगाव होते. तिसरे कारण पोटाचे. १८७३ साली पेढ्या बुडाल्या, त्यानंतरची मंदी हटली नव्हती. रेल्वेची कामे थांबली, कारखान्यांत मजुरी कापली जात होती. रिकाम्या पोटाचा माणूस भांडायला लवकर उठतो. शंभरातल्या ऐंशीहून अधिक मतदारांनी त्या निवडणुकीत मत दिले. बायकांना अर्थातच मत नव्हते.

आता त्या तीन संस्थानांत घडले काय? युद्धानंतर घटनेत दुरुस्ती होऊन काळ्या लोकांना मताचा हक्क मिळाला होता, आणि कालपर्यंतचे गुलाम आमदार, खासदारही झाले होते. गोऱ्या मळेवाल्यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. १८७६ च्या जुलैत दक्षिण कॅरोलिनात हॅम्बर्ग या गावी काळ्या शिबंदीवर हल्ला झाला आणि शरण आलेल्यांपैकी काहींना वेचून, उभे करून गोळ्या घातल्या. लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या सभांतून घुसत. मळ्यावरच्या काळ्या मजुराला सांगण्यात येई की मत दिलेस तर उद्यापासून काम नाही. पुष्कळांनी मत दिले नाही, काहींनी भीतीने उलटे दिले. आणि त्याच दक्षिण कॅरोलिनात मतदार होते त्यापेक्षा पडलेली मते अधिक भरली!

दुसरीकडे मोजणीची समिती रिपब्लिकनांच्या हातात होती. लुइझियानात त्या समितीने सुमारे १५,००० मते बाद केली. त्यांतली तेरा हजारांच्या वर टिल्डनच्या बाजूची. दडपशाही झाली म्हणून बाद केली, असे कारण दिले. कारण खोटे नव्हते. पण कोणती पेटी बाद करायची हे आधी ठरवून मग कारण शोधले गेले, हेही खोटे नव्हते. पुढे १८७८ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनने काही सांकेतिक तारा उलगडून छापल्या, तेव्हा दिसले की टिल्डन यांचा सख्खा भाचा याच संस्थानांत मते विकत घेण्याची घासाघीस करीत होता. टिल्डन यांनी आपल्याला ठाऊक नव्हते असे सांगितले.

आमचे मत विचाराल तर असे आहे: पेटीत पडलेली मते प्रामाणिकपणे मोजली असती तर बहुधा टिल्डन आले असते, आणि लोकांना निर्भयपणे मत देऊ दिले असते तर बहुधा हेज आले असते. म्हणजे फलकासमोर एकमेकांची गचांडी धरणारे दोघेही खरे बोलत होते! एक म्हणत होता, ‘तुम्ही मोजणीत चोरी केलीत’. दुसरा म्हणत होता, ‘तुम्ही मतदानात चोरी केलीत’. दुसऱ्याचे अर्धे सत्य आपल्या अर्ध्याला जोडून पाहण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. कारण तसे पाहिले असते तर भांडणाचा विषय टिल्डन किंवा हेज राहिला नसता; मळ्यावरच्या मजुराचे मत हा झाला असता.

तो हिवाळा कठीण गेला. ‘टिल्डन नाही तर रक्त’ अशी घोषणा निघाली. केंटकीचे संपादक हेन्री वॉटरसन यांनी एक लाख माणसांनी शांततेने राजधानीत जमावे असे आवाहन केले. हेज यांच्या घरावर गोळी झाडली गेली. मावळते अध्यक्ष ग्रँट हे मुळात सेनापती. त्यांनी वॉशिंग्टनभोवती फौज वाढवली. जानेवारीच्या अखेरीस काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला: पाच सेनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. योजना अशी की सात एका पक्षाचे, सात दुसऱ्याचे, आणि पंधरावे डेव्हिड डेव्हिस नावाचे अपक्ष वृत्तीचे न्यायमूर्ती. पण ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सेनेटवर निवडून दिले, तेही डेमोक्रॅटांच्या मतांनी, आणि ते आयोगावर आलेच नाहीत. त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले, ते रिपब्लिकन. मग प्रत्येक प्रश्नाचा निकाल आठ विरुद्ध सात. कायद्याचा केवढा तरी खल झाला, मोठमोठे वकील उभे राहिले, आणि प्रत्येक वेळी पंधरा विद्वानांना आपापल्या पक्षाच्याच बाजूने न्याय दिसला. (२०२१ च्या जानेवारीत तिकडच्या काही सेनेटरांनी पुन्हा असाच आयोग मागितला, तेव्हा १८७७ चाच दाखला दिला होता. दाखला देताना हे आठ-सात त्यांच्या ध्यानात असेलच.)

डेमोक्रॅट हे ऐकून गप्प का बसले? येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात हेज यांची माणसे आणि दक्षिणेचे डेमोक्रॅट पुढारी एकत्र बसले. समजूत अशी की हेज अध्यक्ष होऊ द्यावेत. त्या बदल्यात दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी असलेली केंद्राची फौज काढून घेतली जाईल. व्हॅन वूडवर्ड या इतिहासकाराने १९५१ साली दाखवले की या सौद्यामागे दक्षिणेत सरकारी मदतीने रेल्वे नेऊ पाहणारे भांडवलदारही होते. त्यांचा वाटा किती यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या हॉटेलाचे मालक जेम्स वर्मली हे स्वतः काळे गृहस्थ होते. त्यांच्या छपराखाली, त्यांच्याच बांधवांच्या हक्कांचा सौदा झाला, आणि बाहेर रस्त्यावर माणसे अजून टिल्डन की हेज यावर भांडत होती.

२ मार्चला पहाटे चारच्या सुमारास मोजणी संपली: १८५ विरुद्ध १८४. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियानाच्या विधानभवनांजवळचे सैनिक बराकींत परतले आणि तेथली सरकारे कोसळली. काळ्यांचा मताचा हक्क कागदावर राहिला. १ नोव्हेंबर १८९० रोजी मिसिसिपीने नवी घटना करून तोही मतदानकराने आणि वाचनाच्या परीक्षेने काढून घेतला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. मिसिसिपीची ती घटना झाली त्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला, जोतिरावांचे पुण्यात निधन झाले.

हेज यांची कारकीर्द सुरू होऊन साडेचार महिने झाले नाहीत तोच बाल्टिमोर-ओहायो रेल्वेने मजुरीत शेकडा दहा कपात केली. आठ महिन्यांतली ही दुसरी कपात. जुलैच्या मध्याला वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग येथे कोळसेवाले आणि ब्रेकवाले इंजिने सोडून खाली उतरले. गव्हर्नरने शिबंदी पाठवली, तर शिबंदीवाले संपकऱ्यांचेच शेजारी निघाले. मग हेज यांनी केंद्राची फौज धाडली. चार महिन्यांपूर्वी ज्या फौजेला मळ्यावरच्या मजुराच्या मताचे रक्षण करायला सवड नव्हती, तिला मालगाडी हलवायला सवड झाली. पिट्सबर्गमध्ये स्थानिक शिबंदी गोळी झाडणार नाही हे दिसताच फिलाडेल्फियाहून परकी शिबंदी आणली. २१ जुलैला तिने गर्दीवर गोळीबार केला, सुमारे वीस माणसे मेली. संतापलेल्या गावाने रेल्वेचे यार्ड पेटवले. शंभराहून अधिक इंजिने जळाली. आम्ही जाळपोळीचे समर्थक नाही, कधी नव्हतो. संप जिंकायचा तर इंजिन शाबूत पाहिजे, कारण उद्या त्यावरच चढायचे असते. पण परगावची पलटण आणून गावावर सोडण्याचा हा जुना डाव ज्यांनी ओळखला आहे त्यांना त्या रात्रीचे आश्चर्य वाटणार नाही. संप ओसरेपर्यंत देशभर शंभराच्या आसपास माणसे मेली.

त्या संपात कोणी टिल्डनवाला होता, कोणी हेजवाला. मजुरीच्या कपातीने मात्र चिठ्ठीचा रंग पाहिला नव्हता. सेंट लुईस शहरात तर संप सगळ्या धंद्यांत पसरला. तेथल्या एका सभेत नदीवरच्या बोटींवर राबणारा एक काळा मजूर उभा राहिला आणि त्याने समोरच्या गोऱ्या कामगारांना विचारले की रंग न पाहता तुम्ही आमच्या पाठीशी उभे राहाल काय. राहू, असा एका आवाजात जबाब आला. ती माणसे एकमेकांना अनोळखीच होती. येथे थांबलो तर हकीकत गोड होईल, पण ती पुरी होणार नाही. थोड्याच दिवसांत संपसमितीतले काही पुढारी काळ्यांची गर्दी पाहून बिचकले आणि त्यांनी हात झटकले. आणि त्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोत संपाच्या पाठिंब्यासाठी भरलेल्या कामगारांच्या सभेतून जमाव निघाला तो चिनी मजुरांच्या वस्तीवर. रेल्वेकंपनी राहिली बाजूला. धोब्यांची दुकाने फुटली.

त्याच १८७७ सालच्या १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. त्या वर्षी तेथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले; आपल्या देशातल्या पहिल्या संपांत त्याची गणना होते. त्या विणकरांपैकी कोणालाही, कोणत्याही निवडणुकीत, मत नव्हते.