भांडी घासणारं यंत्र काय बोलतं?

आपल्यापैकी काही जणी शहरात घरकामाला जातात, काही जणी मेसमध्ये किंवा हॉटेलात. तिथे भांडी धुण्याचं यंत्र, म्हणजे डिशवॉशर, असतं. ते वेगळाच आवाज करू लागलं की पहिला प्रश्न काम करणाऱ्या बाईलाच येतो, "काय केलंस?" म्हणून आज आम्ही या यंत्राचा इतिहास सांगणार आहोत. तो समजला की आवाजही समजतो.

१८५० साली अमेरिकेत जोएल हॉटन यांनी हाताने फिरवायचं लाकडी यंत्र केलं. ते भांड्यांवर पाणी उडवायचं, पण भांडी काही नीट निघायची नाहीत. खरं काम केलं एका बाईने. जोसेफिन कॉक्रेन, राहणार शेल्बीव्हिल, इलिनॉय राज्य. १८८३ साली नवरा वारला, मागे कर्ज राहिलं. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी यंत्र उभं केलं आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळवलं.

त्यांची युक्ती साधी होती. बशी, कप, ताटली यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले. भांडी त्यात पक्की बसवायची आणि पंपाने गरम साबणाचं पाणी जोराने मारायचं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राला बक्षीस मिळालं. गिऱ्हाईक मात्र मिळालं ते हॉटेलांचं. घरांना किंमत परवडेना आणि एवढं गरम पाणीही नसे. अमेरिकेतल्या घराघरांत हे यंत्र रुळलं ते १९५० नंतर, जोसेफिनबाई १९१३ साली गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

आजच्या यंत्रातही कप्पे आणि पंप आहेतच, शिवाय पाणी फवारणारा फिरता पंखा असतो. आवाज बहुतेक इथूनच येतो.

ठरावीक वेळाने 'टक टक' वाजलं, तर पंखा उंच पातेल्याला किंवा खाली लोंबणाऱ्या चमच्याला आपटतोय. भांडं सरकवा. नुसता खणखणाट असेल, तर वाट्या एकमेकींना लागताहेत. मध्ये जागा सोडा.

खडा भरडल्यासारखी करकर आली, तर तळाच्या जाळीत हाड, बी किंवा काचेचा तुकडा असेल. आधी बटण बंद करून प्लग काढा, पाणी निवू द्या, मगच जाळी काढून धुवा. उघड्या हाताने चाचपू नका, काच लागते.

घूं घूं होतंय पण पाणी येत नाही, तर नळ बंद आहे का, नळी मुडपली आहे का, ते पाहा. पाणी थांबताना पाइपात 'धाड' झालं, तर पाइप भिंतीला घट्ट बसवून घ्यावा लागतो. किंकाळीसारखा आवाज येऊन खाली पाणी गळत असेल, तर यंत्र बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. शेवटी पाणी बाहेर जाताना होणारी घरघर मात्र नेहमीचीच.

जात्याचा, शिलाई मशीनचा आवाज बदलला की आपला कान लगेच ओळखतो. हाच कान इथेही वापरा. आवाज कधी सुरू झाला, कुठून आला, हे मालकिणीला आणि मेकॅनिकला नीट सांगा. म्हणजे दुरुस्तीही लवकर होईल आणि विनाकारण दोष आपल्या माथी येणार नाही.