परावलंबी वृद्धांची अंगस्वच्छता

अंथरुणाला खिळलेल्या किंवा मलमूत्रावर ताबा न राहिलेल्या वृद्धांचे अंग, तोंड, केस, नखे व गुप्तांग वेळच्या वेळी स्वच्छ ठेवण्याची शुश्रूषा. वृद्धाश्रमात आणि घरीही ती लागते. सकाळी एकदा स्पंजिंग केले की काम संपले, हा समज घातक आहे. वृद्ध किती वेळ ओला राहिला, हेच शुश्रूषेचे खरे माप.

त्वचा : लघवी-शौचाने भिजलेली कातडी मऊ पडून चादरीच्या घर्षणाने सोलवटते. माकडहाड, खुबे व टाचा येथे ती हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपली गेली की शय्याव्रण (बेडसोर) होतो. शय्याव्रणाचा दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच मांडले. शय्याव्रणाचा धोका मोजणाऱ्या डोरीन नॉर्टन यांच्या १९६२ च्या मापनात मलमूत्रावरील ताबा, तर ब्रेडन मापनात ओलावा हा स्वतंत्र घटक आहे. लाल डाग बोटाने दाबून पाहावा. तो फिकट होत नसेल तर इजा सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून तिथला ऊनपणा व कडकपणा हाताने पाहावा लागतो. पूर्वी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायला शिकवत. आता लाल झालेली जागा चोळू नये असे सांगतात. ओलाव्यात पावडरीचे गोळे होऊन कातडीच्या घड्यांत टोचतात. दर दोन तासांनी कूस बदलावी हा रूढ नियम. नेमक्या अंतराबद्दल मतभेद आहेत.

पद्धत : आधी पडदा ओढावा, काय करणार ते सांगावे. स्त्रियांचे गुप्तांग पुढून मागे पुसावे, म्हणजे शौचातील जंतू मूत्रमार्गात जात नाहीत. कोमट पाणी, सौम्य साबण. घासू नये, टिपून कोरडे करावे. डायपर ही सोय आहे. तो भरेपर्यंत थांबणे ही हयगय.

मुखस्वच्छता : दिवसातून दोनदा. कवळी रात्री काढून धुवावी.

पावसाळा : कोकणातील रोहा-वरसे भागात जून ते सप्टेंबर चादरी, दुपटी वाळत नाहीत. दमट चादर अंगाखाली गेली की जांघेत व स्तनांखाली बुरशी धरते. म्हणून जादा चादरींचे संच हाताशी लागतात. इस्त्री फिरवून ओल काढणे हा घरगुती उपाय.

संस्था व कायदा : माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या, स्वतःचे आवरणाऱ्या व्यक्तीलाच प्रवेश देतात. ज्याला या शुश्रूषेची सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर राहतो. आत असताना परावलंबी झालेल्यांचा भार तिथल्या शुश्रूषा करणाऱ्या मावशींवर पडतो. त्यांतल्या बहुतेकींना रीतसर प्रशिक्षण मिळालेले नसते आणि रात्रपाळीला माणसे कमी असतात, त्यामुळे ओले राहण्याचा सर्वांत मोठा काळ रात्रीचाच असतो.